जात नसलेले फूल

मराठीत फुलालाही जात असते. गुलाबाच्या जाती, शेवंतीच्या जाती, जास्वंदीच्या जाती असे आपण सहज बोलतो. वनस्पतिशास्त्राच्या शालेय पुस्तकात हाच शब्द, रोपवाटिकेच्या पाटीवर हाच शब्द आणि फूलबाजारातल्या बाईच्या तोंडीही हाच शब्द. ज्या शब्दाने ह्या देशात माणसाची विहीर, पंगत, लग्न आणि स्मशान ठरवले, तो शब्द आपण फुलाला लावतो आणि त्यात काही खटकत नाही. उलट फुलाला जात असते, म्हणून माणसालाही ती असणारच, असा युक्तिवाद करणारे पंडित आपल्याकडे पूर्वीही होते आणि आजही आहेत.

अशा वेळी जात नसलेल्या एका फुलाची माहिती करून घेणे उपयोगाचे ठरेल. हे फूल अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस येथे, एका सार्वजनिक बागेत, उथळ तळ्यावर उभारलेले आहे. ते धातूचे आहे. त्याचे नाव 'फ्लोरालिस हेनेरिका'. फुलांच्या जगाशी संबंधित ते 'फ्लोरालिस' आणि कोणत्याही एका जातीचे नसून सर्वसामान्य ते 'हेनेरिका'. म्हणजे हे गुलाब नाही, कमळ नाही, सूर्यफूलही नाही. जगातल्या सगळ्या फुलांचे मिळून एक फूल, अशी त्यामागची कल्पना आहे. एखाद्या शहराने आपल्या चौकात जात नसलेले फूल उभे करावे, ही कल्पना आपल्यासारख्यांना जवळची वाटणे स्वाभाविक आहे. पण कल्पना जवळची वाटली म्हणून तिची तपासणी करायची नाही असे होत नाही. ते फूल कसे घडले, कोणत्या दिवसांत उमलले, कोणत्या पाण्यात उभे आहे आणि मोडले तेव्हा काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही.

१

हे फूल घडवणारा एदुआर्दो कातालानो हा मुळात शिल्पकार नव्हे, वास्तुरचनाकार. त्याचा जन्म १९१७ साली ब्वेनोस आयरेसमध्ये झाला. त्याचे बरेचसे आयुष्य अमेरिकेत अध्यापनात गेले. आधी नॉर्थ कॅरोलायना आणि नंतर मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेत तो वास्तुरचना शिकवत असे. छप्पर हे सपाट किंवा उतरते असलेच पाहिजे असे नाही, पातळ पृष्ठभागाला योग्य पीळ दिला तर तो स्वतःच स्वतःचा भार पेलतो, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. १९५४ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात त्याने स्वतःसाठी बांधलेल्या घराचे छप्पर असेच पिळदार होते आणि त्यामुळे ते घर जगभर गाजले. पुढे ते दुर्लक्षित राहिले आणि २००१ साली पाडले गेले. ज्या वर्षी त्याचे घर गेले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल २००२ रोजी, त्याच्या जन्मगावी त्याचे फूल उभे राहिले. ते त्याने शहराला भेट म्हणून दिले होते. २०१० साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, तो अमेरिकेत वारला.

फुलाला सहा पाकळ्या आहेत आणि मध्यभागी चार पुंकेसर. उंची सुमारे २३ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. वजन सुमारे १८ टन. आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा आणि वरचा पत्रा गंज न चढणाऱ्या पोलादाचा. फूल मिटलेले असताना त्याचा व्यास सुमारे १६ मीटर भरतो आणि पूर्ण उमलले की तो दुप्पट, म्हणजे सुमारे ३२ मीटर होतो. जागा रेकोलेता ह्या श्रीमंत वस्तीतली, संयुक्त राष्ट्रांच्या नावाचा चौक. शेजारी विद्यापीठाच्या विधिशाखेची खांबांची भव्य इमारत आणि जवळच राष्ट्रीय कलासंग्रहालय.

येथे एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. पाकळ्या कोर्दोबा येथील विमानाच्या कारखान्यात बनल्या. हा कारखाना १९२७ साली सरकारने काढला, १९९५ साली तो लॉकहीड मार्टिन ह्या अमेरिकन कंपनीकडे गेला आणि २००९ साली सरकारने तो परत घेतला. विमानाचा पंख बनवण्याचे कसब आणि धातूची पाकळी बनवण्याचे कसब एकच. आत हलका सांगाडा, वर ताणून बसवलेला पत्रा, आणि वाऱ्याचा मार सोसण्याचे गणित. ज्यांनी हा पत्रा कापला, वाकवला, रिबिटे ठोकली आणि घासून आरशासारखा केला, त्या कामगारांची नावे शिल्पाच्या कौतुकात येत नाहीत. शिल्पकाराचे नाव येते, देणगीदाराचे येते, उद्घाटन करणाऱ्याचेही येते. शिल्पाच्या इतिहासात कारागीर हा नेहमीच बिननावाचा असतो. वेरूळचा पाथरवट असो की कोर्दोबाचा पत्राकाम करणारा, ह्या बाबतीत दोघांचे भोग सारखे आहेत.

२

हे फूल रोज सकाळी उमलावे आणि सूर्यास्ताला मिटावे अशी त्याची योजना होती. खरे फूल उमलते ते दोन प्रकारांनी. काही फुलांत पाकळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाची वाढ कमीजास्त वेगाने होते. ट्यूलिपमध्ये ऊब वाढली की आतली बाजू भराभर वाढते आणि पाकळी बाहेर वळते, गारवा आला की बाहेरची बाजू वाढते आणि पाकळी आत झुकते. काही वनस्पतींत पेशींत पाणी भरल्याने ताठरपणा येतो आणि पाणी ओसरले की तो जातो, म्हणून अवयव हलतात. लाजाळूच्या पानात आपण हे पाहतो. कमळ सकाळी उघडते, गुलबक्षी दुपार कलल्यावर फुलते, ब्रह्मकमळ रात्री. कोणत्या वेळी कोणते फूल उमलते ह्याचा ताळा लावून फुलांचे घड्याळ करता येईल, असे स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५१ साली मांडले होते.

धातूच्या फुलात पेशी नाहीत. तेथे पेशींतल्या पाण्याचे काम तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे करतात. प्रकाशाची जाणीव डोळ्यासारखी उपकरणे करून देतात. जोराचा वारा सुटला की पाकळ्या मिटाव्यात अशीही सोय केलेली होती, कारण उघडी पाकळी म्हणजे वाऱ्याला आयतेच शीड. वर्षातल्या चार रात्री मात्र फूल मिटायचे नाही, रात्रभर उघडे राहायचे. त्या रात्री म्हणजे २५ मे, २१ सप्टेंबर, २४ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर. पहिला दिवस तेथील क्रांतीचा, दुसरा दक्षिण गोलार्धातील वसंताच्या आरंभाचा, उरलेले दोन नाताळचे आणि सरत्या वर्षाचे. रात्री आतून तांबूस उजेड पसरतो.

आणि खाली पाणी. ह्या पाण्याला दोन कामे आहेत. एक दिसणारे, एक न दिसणारे. दिसणारे काम म्हणजे प्रतिबिंब. फूल पाण्यावर तरंगते असे वाटते आणि आकाश, ढग, झाडे पोलादात आणि पाण्यात दोन्हीकडे उमटतात. न दिसणारे काम म्हणजे राखण. पाणी असल्यामुळे माणूस फुलापर्यंत पोहोचत नाही, त्याला हात लावत नाही, त्याच्यावर चढत नाही. कुंपण घातले तर डोळ्यांना खुपते, पाणी घातले तर शोभा वाढते. पाणी हे सर्वांत देखणे कुंपण आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. ज्यांच्या पूर्वजांना पाण्याच्या काठावरून परत पाठवले गेले, त्यांना पाणी आणि कुंपण ह्यांचे नाते पुस्तकांतून शिकावे लागत नाही.

३

आता नावाकडे वळू. 'हेनेरिका' हा शब्द ज्या कुळातला आहे त्याच कुळातून शास्त्रातला 'प्रजाती' ह्या अर्थाचा शब्द आला. वनस्पतींना दोन शब्दांचे नाव देण्याची, आधी प्रजाती आणि मग जाती सांगण्याची, पद्धत लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. ह्या पद्धतीने शास्त्राची फार मोठी सोय केली. एकाच झाडाला गावागणिक वेगळे नाव असले तरी जगभरच्या अभ्यासकांना ते ओळखता येऊ लागले. पण हाच लिनियस तेथे थांबला नाही. १७५८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने माणसांचेही प्रकार पाडले. खंडानुसार आणि कातडीच्या रंगानुसार चार प्रकार, आणि प्रत्येकाला एक स्वभाव चिकटवलेला. युरोपचा माणूस बुद्धिमान आणि कल्पक, आफ्रिकेचा आळशी आणि धूर्त, अशा थाटाचे ते वर्णन होते. फुलाचे वर्गीकरण करणारा हात माणसाकडे वळला की वर्णन कधी संपते आणि निवाडा कधी सुरू होतो ते कळतही नाही.

येथे मराठी शब्दाचा घोटाळा नीट सोडवला पाहिजे. शास्त्रात 'जाती' म्हणजे आपसांत प्रजनन करून प्रजननक्षम संतती देणाऱ्या जिवांचा गट. ह्या अर्थाने पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच जातीची आहेत, कारण कोणत्याही दोन समूहांतल्या स्त्रीपुरुषांना मूल होऊ शकते आणि त्या मुलालाही पुढे मूल होऊ शकते. समाजातली जात नेमकी उलट आहे. येथे लग्न होऊ शकत नाही म्हणून ते होत नाही असे नव्हे. ते होऊ शकते, म्हणूनच बंदी घालावी लागते. निसर्गाने जेथे भिंत घातली असती तेथे पहारा ठेवण्याची गरज पडली नसती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीच्या मुळाशी अंतर्विवाहाचे बंधन आहे असे दाखवून दिले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ह्या पुस्तकात त्यांनी वंशशुद्धीचा आधार घेणाऱ्यांचे म्हणणे तपासून खोडून काढले. गुलाबाची जात आणि माणसाची जात हे दोन वेगळे शब्द आहेत आणि केवळ उच्चार सारखा म्हणून एकाच्या आधाराने दुसरी सिद्ध होत नाही, एवढी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने वनस्पतिशास्त्राच्या तासाला सांगितली तरी पुष्कळ काम होईल.

पण 'जात नसलेले' ह्या शब्दांचेही दोन अर्थ होतात, आणि आपला खरा प्रश्न तेथे आहे. जात संपली म्हणून नसणे हा एक अर्थ. जात सांगायची नाही म्हणून नसणे हा दुसरा. अर्जेंटिनाला हा दुसरा अर्थ चांगला परिचयाचा आहे. आपला देश जहाजांतून उतरलेल्या युरोपियनांचा, येथे वंशाचा प्रश्नच नाही, असे तेथील प्रस्थापित वर्ग दीर्घकाळ सांगत आला. प्रत्यक्षात १८७८ ते १८८५ ह्या काळात दक्षिणेकडील मूळ रहिवाशांवर लष्करी मोहीम काढून त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ज्या प्रदेशात माणसे राहत होती त्याला 'वाळवंट' असे नाव देण्यात आले होते. आफ्रिकी वंशाच्या माणसांचा प्रश्न तर राष्ट्रीय जनगणनेत फार उशिरा, २०१० साली, पुन्हा विचारला गेला. मोजायचेच नाही म्हटले की प्रश्नही उरत नाही. आपल्याकडेही १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे राष्ट्रीय जनगणनेतून प्रसिद्ध झाले नाहीत आणि त्या न मोजण्यालाच पुष्कळांनी पुरोगामीपणा मानले. 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य कोण उच्चारतो, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. जातीने ज्याचे काही गेले नाही त्याला ती विसरणे सोपे असते.

४

हे फूल कोणत्या दिवसांत उमलले तेही पाहू. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली. बँकांतून स्वतःचे पैसे काढण्यावर सरकारने निर्बंध घातले. १९ आणि २० डिसेंबरला लोक भांडी वाजवत रस्त्यावर आले. दडपशाहीत देशभर तीसहून अधिक माणसे मेली, राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत एकामागून एक माणसे त्या खुर्चीवर बसून उठली. जानेवारी २००२ मध्ये चलनाचे अवमूल्यन झाले. त्या वर्षी देशातले निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली होते. अशा वर्षाच्या एप्रिलमध्ये शहराच्या श्रीमंत भागात पोलादाचे फूल उघडले.

त्याच दिवसांत शहरात रोज दुसरेही काही घडत होते. संध्याकाळ झाली की उपनगरांतून हजारो माणसे हातगाड्या घेऊन शहरात येत आणि कचऱ्यातून पुठ्ठा, कागद, काच, पत्रा वेचत. पुठ्ठ्यावरून त्यांना 'कार्तोनेरो' असे नाव पडले. कारखाने बंद पडले म्हणून आलेले कामगार त्यांत होते, स्त्रिया आणि मुलेही होती. त्यांच्या गाड्या मावाव्यात म्हणून बाके काढलेल्या वेगळ्या आगगाड्या सोडल्या जात. म्हणजे फूल मिटण्याची आणि कार्तोनेरो कामाला लागण्याची वेळ एकच. लष्करी राजवटीच्या काळात, १९७७ साली, ब्वेनोस आयरेसमध्ये कचरा वेचण्यास बंदी घालण्यात आली होती. ती बंदी डिसेंबर २००२ मध्ये शहराच्या ९९२ क्रमांकाच्या कायद्याने उठली आणि वेचकांच्या कामाला शहराच्या स्वच्छताव्यवस्थेचा भाग म्हणून मान्यता मिळाली. वेचकांनी संघटित होऊन मागितले म्हणून हे पुढे टिकले.

ह्या ठिकाणी पुण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रिया आहेत. आम्ही घाण करत नाही, आम्ही शहराचा माल परत उपयोगात आणतो, म्हणून आमच्याकडे कामगार म्हणून पाहा, ही त्यांची मागणी होती. २००८ साली त्यातूनच वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. फरक एवढाच की ब्वेनोस आयरेसमध्ये माणूस कंगाल झाला म्हणून कचऱ्याकडे आला, आणि आपल्याकडे पुष्कळदा तो जन्मला म्हणून कचऱ्याकडे ढकलला गेला. पहिल्या ठिकाणी बाजारपेठ कोसळली. दुसऱ्या ठिकाणी काहीच कोसळले नव्हते, सगळे नेहमीप्रमाणे चालू होते.

५

पाण्याचा प्रश्न ह्याहून जुना आहे. १७ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्वेनोस आयरेसच्या दक्षिणेकडील कत्तलखान्यांतले आणि कारखान्यांतले मजूर शहराच्या मध्यभागी आले. अटकेत ठेवलेल्या पेरॉनची सुटका करा ही त्यांची मागणी. नदीवरचे पूल उचलून त्यांना अडवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा काही जण होड्यांनी आले. मैलोन्‌मैल चालून सुजलेले पाय त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकातील कारंज्याच्या हौदात सोडले. त्याचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. उच्चभ्रू शहराला धक्का बसला तो राजकीय मागणीपेक्षा त्या पायांचा. शोभेच्या पाण्यात मजुराचा पाय. उत्तरेकडील प्रांतांतून आलेल्या सावळ्या स्थलांतरितांना शहर 'काळ्या डोक्याचे' म्हणून हिणवत असे, एका लहान पक्ष्याच्या नावावरून. पेरॉनच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत. पण त्या दुपारी कारंजे कोणाचे हा प्रश्न त्या पायांनी विचारला होता, ह्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

त्याच्या अठरा वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागले होते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने बोले यांचा ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला मान्यता दिली होती. कागदावर तळे खुले होते, काठावर ते बंद होते. बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि हजारोंनी त्यांच्या मागे पाणी घेतले, त्यानंतर हल्ला झाला, मग १०८ घागरींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

महाड आणि ब्वेनोस आयरेस ह्या दोन घटना एक नव्हेत. तेथे पाण्याची शोभा बाटली, येथे पाण्याचा धर्म बाटला. तेथे पाण्यावाचून कोणी तहानलेले नव्हते, येथे तहान हीच शिक्षा होती. तरी दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. 'सार्वजनिक' हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी प्रजा नव्हती, आणि शब्दाचा अर्थ पुरा करण्याचे काम वगळलेल्यांना स्वतःच्या शरीराने करावे लागले. कोणी पायाने केले, कोणी हाताने.

फ्लोरालिसच्या तळ्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, रेल्वेचे रूळ आणि बंदर ह्यांच्या मध्ये, 'व्हिला ३१' ही झोपडवस्ती आहे. तिची सुरुवात १९३० च्या दशकातली. १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीने ती मोठ्या प्रमाणावर उठवली, तरी ती पुन्हा वसली. २००९ साली तिच्या विकासाचा कायदा झाला. आणि २०२० च्या साथीत, वारंवार हात धुवा असे सरकार सांगत असताना, ह्या वस्तीच्या एका भागात कित्येक दिवस पाणी नव्हते. पाणी नाही हे जाहीरपणे सांगणारी तेथील एक कार्यकर्ती त्याच मे महिन्यात कोविडने मरण पावली. शोभेचे तळे आणि कोरडा नळ एकाच शहरात नांदतात. त्यासाठी तळे आटवण्याची मागणी करणे हा वेडेपणा होईल. तळ्यातले पाणी नळाला गेले असते आणि प्रश्न सुटला असता, असेही नाही. पण पाणी कोठे आधी पोहोचते आणि कोठे शेवटी, ह्या क्रमातच शहराची खरी जातव्यवस्था वाचता येते.

आपल्या इतिहासात फूल आणि पाणी ह्यांची गाठ वेगळ्या प्रकारे पडली आहे. फुलांच्या व्यवसायावरून ज्या घराण्याला नाव पडले, त्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या हौदावर कोणते शिल्प नव्हते, कारंजे नव्हते, रात्रीचा तांबूस उजेड नव्हता. पण ह्या देशातला तो खऱ्या अर्थाने सार्वजनिक असा पाणवठा होता.

६

धातूच्या फुलाचे पुढे काय झाले, तेही कळले पाहिजे. एक पाकळी सुरुवातीपासूनच नीट बसवली गेली नव्हती. बनवणाऱ्या कंपनीने २५ वर्षांची हमी दिली होती. पण २००९ साली कारखाना पुन्हा सरकारकडे आला आणि दुरुस्ती रेंगाळली. आणखी मोडतोड होऊ नये म्हणून २०१० साली फुलाची हालचालच बंद करण्यात आली. रोज मिटणारे फूल उघडेच राहिले. २०१५ साली ते पुन्हा उघडझाप करू लागले. नंतर १७ डिसेंबर २०२३ च्या भीषण वादळात त्याच्या पाकळ्या निखळल्या. वारा आला की मिटण्यासाठी जे बनवले होते, ते वाऱ्यानेच मोडले.

ह्यावर हसणे सोपे आहे. पण ह्यातला बोध गंभीर आहे. शिल्प एकदा उभारून संपत नाही. त्याला तेल लागते, वीज लागते, पाणी बदलावे लागते, शेवाळ खरवडावे लागते. देणगी एका दिवसात देता येते, देखभाल रोज करावी लागते. हे शिल्पाइतकेच कायद्यालाही लागू आहे. बोले ठराव झाला आणि तळे खुले झाले नाही, अस्पृश्यता घटनेने रद्द केली आणि गावाची विहीर बदलली नाही, मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा कायदा झाला तरी गटारात माणसे मरतच राहिली. समता ही देखील एक यंत्रणा आहे. ती रोज सकाळी कोणीतरी चालू करावी लागते आणि मोडली की दुरुस्त करावी लागते. एखाद्या मोठ्या माणसाने भेट दिली म्हणून ती आपोआप उमलत राहत नाही.

७

मग ह्या फुलाचे आपण काय करायचे? त्याला श्रीमंतांची चैन म्हणून झिडकारायचे, की जातिहीनतेचे प्रतीक म्हणून डोक्यावर घ्यायचे? दोन्ही घाईचे होईल. उपाशी माणसाला सौंदर्याचा अधिकार नाही असे आपण कधीच मानलेले नाही. दलित साहित्याची सारी धडपड आपले सौंदर्य आपण ठरवू, ह्यासाठीच आहे. सार्वजनिक बागेत, तिकीट न लावता, कोणालाही पाहता येईल असे देखणे शिल्प उभे राहणे ही चांगलीच गोष्ट आहे. कार्तोनेरोच्या मुलालाही ते दिसते. मात्र दिसणे आणि असणे ह्यांत अंतर राहते आणि ते अंतर मोजण्याचे काम आपले आहे.

आपल्या गावांत, शहरांत आता ठिकठिकाणी चौक सुशोभित होत आहेत. सिमेंटची कमळे, रंगीत दिव्यांची कारंजी, नदीकाठचे बांधीव घाट उभे राहत आहेत. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी अशा प्रत्येक ठिकाणी उभे राहून काही साधे प्रश्न विचारावेत. ह्या जागेवर आधी कोण राहत होते, आणि ते आता कोठे आहेत? पाणी कोठून येते, आणि ज्या वस्तीवरून जलवाहिनी येते त्या वस्तीत नळाला पाणी किती वेळ असते? हौद साफ करायला कोण उतरते, त्याला कायम नोकरी आहे की तो ठेकेदाराचा माणूस आहे, हातमोजे आणि बूट मिळतात की नाही? भर उन्हात पाय भाजलेला एखादा मजूर काठावर बसला, तर पहारेकरी त्याला बसू देतो की उठवतो? उत्तरे वहीत लिहावीत, तारीख घालावी, आणि नगरपालिकेच्या पुढच्या सभेत ती वाचून दाखवावीत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून खर्चाचा आकडा आणि सफाईच्या ठेक्याची प्रत मागावी. दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले की त्या शोभेची जात कोणती, हे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.